जावळाची ओटी

तुमच्याकडे परदेशात मतपत्रिका पोस्टाने घरी येते आणि तुम्ही दोघं ती जेवणाच्या टेबलावर बसून, चहा पीत भरता, हे मागच्या रविवारी फोनवर ऐकलं आणि मला तुमचा हेवा वाटला. तेवढ्यात धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या शेजारच्या शिवणकामवाल्या काकू निवडणुकीला उभ्या होत्या ना? त्या जिंकल्या का?" मी म्हटलं, पडल्या. "का?" यावर मी "समोरच्यांनी वाटप केलं" असं काहीतरी पुटपुटून विषय बदलला. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. पुरतं खरं सांगायला फोन अपुरा पडतो, म्हणून लिहिते आहे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांना सांगत आले की जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहा आणि मधे उपदेश करू नका. दुसरी अट मला आज पाळता येईलच असं नाही.

आधी पाणी. आपल्या गल्लीला नळाचं पाणी दहा-बारा दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. शहराची मुख्य लाइन बाजारातून येते आणि वळणावरच्या मंगल कार्यालयापाशी तिला आपल्या गल्लीचा फाटा फुटतो. त्या फाट्यावर जमिनीत एक व्हॉल्व्ह आहे. आधी कार्यालयाच्या टाक्या भरतात, मग व्हॉल्व्ह आमच्याकडे फिरतो, आणि तोवर पाण्याचा जोर संपलेला असतो. आमच्याकडे येते ती करंगळीएवढी धार. कार्यालयाचे मालक आमच्या वॉर्डाचे कितीतरी वर्षं नगरसेवक होते. तेव्हा व्हॉल्व्ह कुणाच्या सांगण्यावरून फिरतो हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

आता माझी शेजारीण. ती मूळची नांदूरघाटची. लग्न होऊन इथे आली, मुलगा लहान असतानाच नवरा काविळीने गेला, आणि तिने दारातल्या पडवीत शिलाई मशीन टाकलं. गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप तिला तोंडपाठ. मुलगा आता चाकणला कंपनीत आहे. तिचं दुसरं काम म्हणजे पाण्यासाठी भांडणं. पाणी चुकलं की ती मशीनवर कापड झाकून, चार बायका गोळा करून नगर परिषदेत जायची. अधिकारी जेवायला गेले म्हणून सांगितलं तर म्हणायची, "जेवू द्या. आमी बसतो. आमाला घरी सैपाकाला पानीच न्हाई, तर घाई कशाची?" आणि खरंच बसायची. तिच्या त्या बसण्याने दोनदा व्हॉल्व्ह वेळेवर फिरल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

समोरच्या घरात राहतात त्या मावशी. वयाने माझ्याएवढ्याच, पण सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. गेल्या वर्षी न्हाणीत पडून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा त्या उठून फिरायला लागेपर्यंत त्यांच्या घरचं पाणी शेजारणीने भरलं. स्वतःचं भरून झाल्यावर नव्हे, आधी.

निवडणूक कित्येक वर्षं झालीच नव्हती. प्रशासक कारभार पाहत होते. शेवटी ती जाहीर झाली आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. मालकांनी सुनेला उभं केलं. त्याच आठवड्यात गल्लीतल्या बायका शेजारणीच्या पडवीत जमल्या आणि म्हणाल्या, तू उभी राहा. ती आधी हसली, मग घाबरली, मग माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, अर्ज मी भरून देते.

"निवडून आले तर पयला व्हॉल्व्ह हालवीन," ती म्हणाली. "दुसरं काई येत न्हाई मला."

"तेवढंच कर, माय," मावशी म्हणाल्या, आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "आमचं सगळ्यांचं मत तुझंच हाय."

चिन्ह तिला शिलाई मशीनच मिळालं. कोपऱ्यावर फळांचा गाडा लावणाऱ्याची आई, जिला आम्ही खाला म्हणतो, ती म्हणाली, "लई बेस झालं. परचाराला मशीनच डोक्यावर घेऊन फिर. छापायचा खर्चा वाचला." आम्ही सगळ्या मनापासून हसलो. इतक्या बायका कुणाचं लग्न नसताना एकत्र हसताना मी फार दिवसांनी पाहत होते. मला खरंच वाटलं की या वेळी जमेल.

मतदानाला थोडे दिवस राहिले असताना मालकांची सून घरोघर आमंत्रण द्यायला आली. मुलाचं जावळ काढायचं होतं. लहान मुलाचे पहिले केस विधीने उतरवतात, त्याला जावळ म्हणतात. तुमच्या दोघांचंही इथेच काढलं होतं, तुम्हाला आठवणार नाही. सगळ्या वॉर्डाला जेवण, आणि बायकांसाठी हळदीकुंकू. घरचं धार्मिक कार्य असल्यामुळे आचारसंहितेची माणसं आली तरी त्यांना काय दिसणार? मुंडण केलेलं एक बाळ आणि पंगत.

खालाने मला गाड्यापाशी थांबवून विचारलं, "बाई, त्या पोराचं जावळ तर गेल्या साली काढलंतं. मीच टरबुजं दिलती पंगतीला. ह्ये किती बार काढतेत?"

मी म्हटलं, "तुम्हाला आमंत्रण आहे का?"

"आमच्यात कुटं तुमचं हळदकुकू? आमाला घरपोच डब्बा आला, इस्टीलचा, झाकनाचा. डब्ब्याला धरम न्हाई, बाई."

सून माझ्याकडे आली तेव्हा आमंत्रण देऊन थांबली नाही. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, हळदीकुंकवाला तुम्ही यायचंच. या वेळी आम्ही सगळ्यांना बोलावलंय. मावशींना, शेजारच्या ताईंना, सगळ्यांना. मला हा भेदभाव पटत नाही."

हे तुम्हाला उलगडून सांगायला हवं. हळदीकुंकू म्हणजे नवरा हयात असलेल्या बायकांचा मेळा. एकमेकींच्या कपाळाला हळद आणि कुंकू लावायचं, काही वस्तू द्यायची, आणि ओटी भरायची. ओटी भरणं म्हणजे दुसरीच्या पसरलेल्या पदरात तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड आणि ब्लाउजचं कापड घालणं. विधवेला बोलावत नाहीत. तिच्यावर राग असतो असं नाही, फक्त तिच्या दारावरून पुढे जातात. मी शाळेत असताना स्टाफरूममध्ये यावर किती वाद घातले असतील. सगळ्या म्हणायच्या, तुमचं बरोबर आहे, बाई. आणि संक्रांतीला जायचं त्याच घरी जायच्या. तुमचे आजोबा गेल्यानंतर त्या माझ्याही दारावरून पुढे गेल्या. माझं बरोबर होतं, त्याचा मला तेव्हा काही उपयोग झाला नाही.

म्हणून त्या मुलीला मी येते म्हटलं. ती का बोलावते आहे हे मला कळत होतं. विधवेचं मतही एकच मोजतात आणि सवाष्णीचंही एकच, हे तिच्या सासऱ्यांना बरोबर ठाऊक होतं. तरीही मी गेले. तुम्हाला खोटं सांगत नाही, साडीही चांगली नेसले.

शेजारीण म्हणाली, "मी बी येते. न्हाई आले तर म्हनतील, घाबरली."

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. विधवांना मागे नव्हतं बसवलं. पहिल्या रांगेत बसवलं होतं. सून एकेकीपुढे वाकून कुंकू लावत होती. ती मुलगी वाईट नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. तिच्या बोटात मला खोटेपणा जाणवला नाही. मावशींच्या कपाळाला बोट लागलं तशा त्या लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. त्यांचा नवरा जाऊन एक पिढी उलटली असेल. "लेकी, लेकी," एवढंच म्हणत त्यांनी पदर पसरला. तांदूळ, नारळ, हिरवं ब्लाउज पीस. वर एक कापडी पिशवी, त्यात साडी.

माझ्या कपाळाला कुंकू लागलं तेव्हा माझेही डोळे भरले. पिशवी मी खुर्चीवर ठेवली आणि ओटी नको म्हटलं. पण कुंकू घरी येईपर्यंत पुसलं नाही.

मग सुनेने माइक घेतला. "आज आपल्यात शिवणकामवाल्या ताई आल्यात. निवडणूक निवडणुकीच्या जागी. माझ्या बाळाला त्यांचाही आशीर्वाद पाहिजे." आणि तिने शेजारणीला स्टेजवर बोलावलं.

सगळा हॉल वळून बघायला लागला. आपणहून मागे दाराशी बसलेली शेजारीण उठली. तिच्या चेहऱ्यावरचं मला दुरून दिसत होतं. नाही म्हणावं तर बाळाच्या कार्यात अपशकुन करणारी रांड, असं ऐकावं लागणार. आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायका कपाळाला कुंकू लावून बसलेल्या, त्यांचं तोंड पडणार. ती स्टेजवर गेली. सुनेने बाळ तिच्या हातात दिलं, कुंकू लावलं, तिने पदर पसरला आणि ओटी घेतली. मालक स्वतः पुढे आले, हात जोडून म्हणाले, "ताई, तुमी आमच्याच घरच्या." फोटो काढले गेले. टाळ्या वाजल्या. मोबाइल सगळ्यांच्याच हातात होते.

संध्याकाळपर्यंत तो फोटो वॉर्डातल्या प्रत्येक फोनवर पोहोचला. खाली फक्त दोन शब्द लिहिले होते: "मनापासून आभार."

आपल्याकडे एखाद्या उमेदवाराने माघार घेतली की "तो बसला" म्हणतात, आणि बहुधा फुकट बसत नाही असं धरून चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात मला तिघांनी विचारलं, "बाई, तुमची शेजारीण बसली म्हणं?" मी म्हटलं, नाही. ते हसले. शाळामास्तरणीला कुणी खरं सांगत नसेल असं त्यांना वाटलं असणार.

मी तडक तिच्या पडवीत गेले. ती मशीनपुढे बसली होती, पण मशीन बंद होतं. ओटीचं सामान कोनाड्यात देवापुढे ठेवलेलं.

"चल," मी म्हटलं, "हे सगळं उचल. आत्ता जाऊ, चार माणसांदेखत त्यांच्या दारात परत ठेवू. आणि तिथेच सांग, मी उभी आहे म्हणून. लोकांना त्याचेही फोटो काढू दे."

 "बाई, वटी परत करत्यात का?"

"ही ओटी नाही. हा प्रचार आहे."

"तुमाला. त्या लेकराला न्हाई. त्याच्या जावळाची वटी हाय. आज परत नेऊन ठिवली अन् उद्या त्याला ताप आला, तर? गाव सोडा, मलाच वाटंल की माझ्यानं झालं. मी त्याला हातात घेतलंतं, बाई. माझ्या गळ्याला हात घातलता त्यानं."

"त्याचं जावळ आधीच झालंय. खाला सांगत होती."

"झालं असंल. पर वटी तर आता भरली ना?"

मला राग आला. मी म्हटलं, "मग मतं कशी मागणार आता?"

"पाया पडून मागीन. दारोदार जाऊन सांगीन, मी बसले न्हाई म्हनून."

आणि ती गेली. मतदानापर्यंत रोज, मशीन झाकून, दारोदार. मीही दोन दिवस बरोबर फिरले. लोक चांगले वागले, तेच वाईट होतं. "हो हो ताई, तुमालाच," असं म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. पानटपरीवरचा एक जण मात्र तोंडावर बोलला, "ताई, तुमचं मिटलं की. आता गरिबाला कशाला फिरवता? आमचं तरी मिटू द्या." शेजारी उभे असलेले फिदीफिदी हसले. ती पुढे चालू लागली, आणि थोडं पुढे गेल्यावर मला म्हणाली, "ह्याच्या बहिणीच्या लग्नातले सगळे ब्लाउज मी शिवले. पैशे अजून द्यायचेत." मग स्वतःच हसली.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी पाकिटं फिरली. त्याबद्दल मी लिहीत नाही. ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, आणि पाकिटाला माणसं मनातल्या मनात निदान लाजतात. कितीतरी जण दोन्हीकडून घेतात आणि मत तिसऱ्याला देतात, आणि ते ऐकून मीही कधीकाळी हसले आहे. पाकिटाला फसवता येतं. ओटीला फसवता येत नाही, हे मालकांना आमच्या सगळ्यांपेक्षा आधी कळलं होतं.

मतदानाला मावशी माझ्या हाताला धरून आल्या. शाळेच्या पायऱ्या चढताना मी हळूच म्हटलं, "मावशी, आत मतदानाच्या मशीनपुढे आडोसा असतो. कुणाला काही दिसत नाही. साडी घेतली ती घेतली. मत तिलाच द्या. तिने तुमचं पाणी भरलं आहे."

मावशी थांबल्या. "भरलं की. मी कुटं न्हाई म्हनते? जल्मभर इसरनार न्हाई."

"मग?"

"पर पदरात तांदूळ घेतलेत, बाई. कुकू लावून घेतलं. इतक्या वर्सांनी कुनी तरी लावलं. आता त्याच घराच्या इरोधात बोट दाबू?"

"कुणी बघत नाही, मावशी."

"देव बघतो की." मग जरा दम खाऊन म्हणाल्या, "अन् तिनं सोता बी घेतलीच ना? तीच बांधली गेली, तर मी कोन सुटनारी?"

 त्या आत गेल्या आणि बाहेर आल्यावर मला काहीही न लपवता सांगितलं की बटण सुनेचं दाबलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्यांनी शब्द पाळला होता. मला त्या क्षणी पाकीट घेणारे बरे वाटले.

निकालात शेजारीण तिसरी आली. दुसरा नंबर लागला तो अशा एका बाईचा, जी आमच्या गल्लीत एकदाही फिरकली नव्हती. सुनेची मिरवणूक गल्लीतून गेली, गुलाल आमच्या ओट्यांवर पडला. सून उघड्या जीपमधून उतरून शेजारणीच्या पाया पडली. ढोल वाजवणारे थांबले. शेजारणीने तिला उठवलं आणि विचारलं, "लेकरू बरं हाय ना?" मी माझ्या खिडकीतून हे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

पुढे जे झालं ते मी कल्पनेने कधीच लिहू शकले नसते. आठवडाभरात बायका एकेक करून शेजारणीच्या पडवीत यायला लागल्या. लाजत नव्हत्या, बिचकत नव्हत्या. प्रत्येकीच्या हातात तेच हिरवं ब्लाउज पीस. साड्या सगळ्यांना एकाच ताग्यातल्या मिळाल्या होत्या, तेव्हा ब्लाउज शिवून हवाच होता, आणि माप फक्त हिच्याकडे होतं. पडवीत हिरव्या कापडांचा ढीग लागला. मावशीही आल्या. "गळा जरा वरच ठिव, माय. खांदा उतरतो."

मला सहन झालं नाही. "तू हे शिवणार?"

"न शिवून?" ती दातात टाचणी धरून म्हणाली. "निवडून आले असते तर न्हाई म्हनता आलं असतं."

शिमग्याच्या आधीच पाणी लांबलं. दहा दिवसांचे पंधरा झाले, मग अठरा. बायका सवयीने तिच्या दारात जमल्या: चल, नगर परिषदेत जाऊ. तिने मशीन थांबवलं नाही.

"मी कोन जानार? तुमी निवडून दिली ना मेंबर? तिच्याकडं जा."

"अशी काय करती? तुला बोलता येतं."

"बोलता येतं, म्हनूनच उभी राहिलते."

त्या हिरमुसून माझ्याकडे आल्या, तेव्हा मीच निघाले. मावशी आल्या, आणखी दोघी-तिघी आल्या. सून मुलाला घेऊन माहेरी गेली होती. कारभार सासरेच बघतात, असं कळलं, तेव्हा मंगल कार्यालयाच्या ऑफिसात गेलो. मालक माझे विद्यार्थी. इंग्रजीत काठावर पास व्हायचे. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा सांगितला.

मी पाण्याचं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाई, तुमी शिकवलंय म्हनून तुमच्याशी खोटं बोलनार न्हाई. आमी दारात आलतो तवा रिकाम्या हातानं आलतो का?"

"नाही."

"मंग? ज्याचं त्याला पोचलं. कुनाचं काई ठिवलं न्हाई. आता पुन्ना मागायला आले, तर त्ये अलग काम झालं. बघू, जमंल तवा करू."

"अहो, पाणी हे मागणं नाही. तो हक्क आहे."

"व्हता," ते हसून म्हणाले. अगदी नम्रपणे म्हणाले.

मावशी मधेच बोलल्या, "अरं बाबा, पर तुझ्या सुनंनं आमाला कुकू लावलंतं."

"लावलं की मावशी. मी कदी पुसा म्हनलो?"

त्यांच्या माणसांना ते फार आवडलं. मावशींना कळलं की नाही, मला माहीत नाही. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "चहा चांगला व्हता."

मी घरी न जाता शेजारणीकडे गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. ती कापड बेतत होती. मग म्हणाली, "बाई, कालच त्यांचा मानूस आलता. त्यांचे मेहुने जिल्हा परिषदेला उभे राहनार हायत, पलीकडल्या गटात. तिकडं बी गावोगाव हळदकुकू करायचंय, सगळ्यांचं, इधवांचं बी. पिशव्या शिवायचं काम देतो म्हनले. अन् गावात बायका जमवायला मी संगं यायचं. 'ताईचा शब्द बायका ऐकत्यात,' असं म्हनला तो."

मी म्हटलं, "तू नाही म्हणालीस."

"काई बोलले न्हाई अजून. तुमाला इचारायचं व्हतं. करू का?"

"नको," मी म्हटलं. "तुझं जे झालं, तेच तिकडच्या एखाद्या बाईचं होईल. तीही असंच पाणी मागायला उभी राहिली असेल."

"असंल की." तिने कात्री खाली ठेवली. "पर मंग सांगा, मी करू काय? पाया पडून मागितलं, न्हाई मिळालं. हक्कानं मागायला तुमी गेला, चहा पिऊन आला. आता त्येच माझ्याकडं काई मागत्यात. पयल्यांदाच. माझ्याकडं त्यांना पायजे असं काई तरी हाय, बाई."

मी पुन्हा नको म्हटलं. कारणं दिली. माझी कारणं नेहमीप्रमाणे बरोबर होती.

तिने मालकांना एकच अट घातली: आधी व्हॉल्व्ह, मग पिशव्या. त्यांनी लगेच मान्य केली. त्यांच्या दृष्टीने हा सरळ व्यवहार होता, आणि खरं सांगायचं तर मागण्यातलं सगळ्यात स्वस्त मागणं.

परवा पाणी आलं. करंगळीएवढं नाही, भरभरून. सकाळी सात वाजता नळाने असा आवाज केला की मी दचकले. गल्लीत आरडाओरडा झाला, पोरं भिजली, खालाच्या मुलाने गाडा धुतला. मावशी ओट्यावर उभ्या राहून शेजारणीला आशीर्वाद देत होत्या. आणि माझ्या भिंतीपलीकडे दोघी बोलत होत्या, ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"बघ, आनलंच शेवटी हिनं पानी."

"आता आनून काय? निवडनुकीतच बसली असती मुकाट्यानं, तर हिवाळ्यातच आलं असतं. उगं उभी राहिली."

शेजारणीने ते ऐकलं असावं. तिच्या पडवीत पिशव्यांचं कापड येऊन पडलं आहे, आणि आत्ता हे लिहितानाही तिचं मशीन चालू आहे. येत्या सोमवारी ती पहिल्या गावाला जाणार आहे. तिथल्या बायकांच्या कपाळाला लावायला कुंकवाचा करंडा तिने माझ्याकडे मागितला. माझा चांदीचा आहे, मी तो दिला नाही. तिने बाजारातून स्टीलचा आणला.

धाकटे, तू विचारलंस त्याचं उत्तर इतकं लांबलं. ती का पडली, ते एवढं लिहूनही मला एका वाक्यात सांगता येत नाही. परवा त्या भरभरून आलेल्या पाण्याला हात लावू नये असं मला क्षणभर वाटलं. पण टाकी रिकामी होती, उन्हाळा तोंडावर होता, आणि पुढच्या खेपेला ते कुणाच्या मर्जीने येईल हे सांगता येत नव्हतं. मी न्हाणीतल्या बादल्यासुद्धा भरून घेतल्या.